५३ मिनिटांचा काउबॉय : कात्रीत हरवलेली गाणी

प्रश्न : "इंटरनेटवर रॉय रॉजर्सचा एक जुना सिनेमा सापडला. गाणारा काउबॉय, लांबी ५३ मिनिटं. गोष्ट मध्येच उडी मारते, घोडे आणि मोटारी एकाच रस्त्यावर धावतात, नायक मारामारी संपवून टोपी झटकतो आणि गिटार हातात घेतो. विनोद अगदी बाळबोध. हे सिनेमे अमेरिकेत वीसेक वर्षं तुफान चालले म्हणतात. ते का? पाहायचेच झाले तर कुठले पाहावेत? आणि श्रेयनामावलीत घोड्याचं नाव नायिकेच्या वर, हे काय प्रकरण आहे?"

तुम्ही तो सिनेमा पाहिलेलाच नाही. त्याचं उरलंसुरलं पाहिलंत. ५३ हा आकडा वाचला आणि लगेच लक्षात आलं, कारण याच आकड्याने माझी एकदा चारचौघांत फजिती केली आहे.

मी तीस वर्षं संकलक म्हणून काम करतोय. स्टीनबेक या संकलनाच्या टेबलावर फिल्म कापून चिकटपट्टीने जोडण्यापासून सुरुवात झाली, आता सगळं संगणकावर. मधल्या काळात मुलांना संकलन शिकवायलाही लागलो. अशाच एका वर्गात रॉजर्सचा एक सिनेमा लावला होता. त्यात नायक नायिकेच्या ओसरीवर बसून गिटार उचलतो आणि पुढच्याच शॉटला थेट दरीत गोळीबार. मी प्रोजेक्टर थांबवला आणि पाच-सात मिनिटं त्या कटावर बोललो. इतकी काटकसर, इतकं धाडस, तेही १९४० च्या दशकात, वगैरे. मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं. दोनेक वर्षांनी त्याच सिनेमाची पूर्ण प्रत पाहायला मिळाली. त्या दोन शॉट्सच्या मध्ये एक अख्खं गाणं होतं, आणि गाण्यानंतर विनोदी गड्याचा एक प्रसंग. मी ज्याला धाडस म्हणत होतो, ती टीव्हीवर जाहिरातींना जागा करायला चालवलेली कात्री होती.

झालं होतं असं. हे बहुतेक सिनेमे रिपब्लिक पिक्चर्स या कंपनीचे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत टीव्ही घरोघरी पोचू लागला आणि चॅनेलांना दाखवायला काहीतरी हवं होतं. रिपब्लिकने आपल्या जुन्या सिनेमांचं दुकान मांडलं. रॉय रॉजर्स आणि त्याच्याआधीचा गाणारा काउबॉय जीन ऑट्री, दोघेही कोर्टात गेले. आपल्या सिनेमाच्या मध्ये साबणाची किंवा बिस्किटांची जाहिरात लागली, तर तो माल आपणच विकतोय असं लोकांना वाटेल, असा मुद्दा होता. १९५१ मध्ये रॉजर्स जिंकला, पुढच्या वर्षी ऑट्री हरला. १९५४ मध्ये वरच्या न्यायालयाने दोन्ही प्रकरणांत कंपनीच्या बाजूने कौल दिला. टीव्हीच्या एका तासाच्या चौकटीत जाहिराती वजा जाता जो वेळ उरतो तो साधारण ५३ मिनिटं. त्यामुळे ज्याची मूळ लांबी काहीही असो, प्रत्येक सिनेमा त्या मापाला कापला गेला.

हिशेब करून पाहा. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते. १९४३ चा 'किंग ऑफ द काउबॉईज' ६७ मिनिटांचा आहे. त्याचे ५३ करायचे म्हणजे १४ मिनिटं, १,२६० फूट फिल्म बाहेर. आता कापणाऱ्याच्या जागी बसा. गोष्टीतला प्रसंग काढला तर खलनायक कोण ते कळेना होईल. पाठलाग काढला तर पोरं ओरडतील. मग काय काढायचं? गाणं. गाणं काढलं तर गोष्ट अडत नाही, असं त्याला वाटतं. तीन-चार गाणी आणि एखादा विनोदी तुकडा गेला की माप जमलं. म्हणून या ५३ मिनिटांच्या प्रतींमध्ये गाणाऱ्या काउबॉयचं गाणंच गायब असतं. संगीत नाटकातली पदं वगळून नुसते संवाद वाचावेत आणि मग म्हणावं की बालगंधर्वांसाठी लोक एवढे वेडे का झाले होते, तशी गत.

आता 'का चालले' याकडे येतो. त्याचं अर्धं उत्तर पैशात आहे आणि ते मला, धंद्यातला माणूस म्हणून, जास्त पटतं.

खरे गुराखी गायचे, हे खरंच आहे. रात्री कळपाभोवती घोड्यावरून फेऱ्या मारताना गुरं बिथरू नयेत म्हणून गुणगुणायची पद्धत होती. जॉन लोमॅक्सने त्या गाण्यांचा संग्रह १९१० मध्येच छापला. पण पडद्यावर ती गाणी आली ती ध्वनी आल्यावर. १९२९ मध्ये केन मेनार्ड हा काउबॉय नट 'द वॅगन मास्टर'मध्ये गायला. १९३३ मध्ये जॉन वेनलासुद्धा 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'त 'सिंगिंग सँडी' करून गायला लावलं होतं. आवाज दुसऱ्याचा, ओठ त्याचे. वेन चालत येतो, खालच्या पट्टीत गातो आणि समोरच्याला गोळी घालतो. जरूर पाहा, असं दृश्य तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही. पुढे लोक त्याला भर कार्यक्रमात गायची फर्माईश करू लागले, तेव्हा त्याने हे सोंग सोडलं.

जीन ऑट्रीचं मात्र उलटं होतं. तो आधी गायक, मग नट, आणि नट म्हणून बेताचाच. टेक्सासमधल्या टिओगाजवळ १९०७ चा जन्म, रेल्वेत तारमास्तर. जिमी रॉजर्सच्या योडलिंगची, म्हणजे गळा झटकन खालून वर उडवत गाण्याची, नक्कल करत रेकॉर्डिंगमध्ये आला. ('रॉजर्स' नावाने गोंधळू नका. हा जिमी रॉजर्स वेगळा, रॉयशी नातं नाही. आणि आपल्या किशोरकुमारच्या योडलिंगमागेही याच जिमी रॉजर्सच्या आणि टेक्स मॉर्टनच्या तबकड्या आहेत. म्हणजे ऑट्री आणि किशोर एका अर्थाने गुरुबंधू.) शिकागोच्या रेडिओवर ऑट्री लोकप्रिय झाला. सीअर्सच्या कॅटलॉगमध्ये त्याच्या नावाची गिटार विकली जायची. सिनेमात येण्याआधीच त्याचा आवाज शेताशेतांवरच्या घरांत पोचलेला होता.

१९३४ मध्ये मॅस्कॉट कंपनीने त्याला केन मेनार्डच्या 'इन ओल्ड सांता फे'मध्ये नाचगाण्याच्या एका प्रसंगात घेतलं. मेनार्ड फार भांडकुदळ होता, त्याचं कंपनीशी फाटलं, आणि त्याच्यासाठी योजलेली पुढची मालिका ऑट्रीच्या पदरात पडली. तीच १९३५ ची 'द फँटम एम्पायर', बारा भागांची. तिची गोष्ट ऐका. ऑट्री 'रेडिओ रँच' नावाचा गुराढोरांचा मळा चालवतो आणि तिथून रोज दुपारी २ वाजता रेडिओवर गातो. एक दिवस जरी कार्यक्रम चुकला तरी करार मोडेल आणि रँच हातची जाईल. दरम्यान त्या रँचच्या खाली, हजारो फूट खोल, म्युरानिया नावाचं प्रगत साम्राज्य आहे. तिथे राणी आहे, किरणांची शस्त्रं आहेत आणि पत्र्याच्या डब्यांसारखे यंत्रमानव आहेत. वर रेडियमच्या मागे लागलेले बदमाश. नायक पाताळात मारामाऱ्या करतो आणि दोन वाजायच्या आत धावतपळत वर येऊन गातो.

हसू नका, किंवा हसा, पण त्यातली सोय बघा. हॉलिवूडला कायम एक प्रश्न पडायचा, माणूस मध्येच गायला का लागतो? आपल्याला तो पडत नाही, पण त्यांना पडतो. म्हणून त्यांच्या संगीतिकांमध्ये नायक बहुतेक वेळा नाटक कंपनीतलाच असायचा. ऑट्रीच्या सिनेमांनी तो प्रश्न एका फटक्यात निकालात काढला. पडद्यावरच्या माणसाचं नावसुद्धा 'जीन ऑट्री' आणि तो रेडिओ गायकच. मग तो गाणार नाही तर काय करणार? तुम्हाला खटकलेल्या मोटारीही त्याच दारातून आत आल्या. रेडिओ आहे म्हणजे वीज आहे, तार आहे, ट्रक आहे, विमान आहे. १९३७ च्या 'पब्लिक काउबॉय नंबर वन'मध्ये गुरं चोरणारी टोळी विमानाने कळप हेरते, रेडिओवरून निरोप देते आणि मांस शीतगृहाच्या ट्रकमधून पळवते. बिचारा म्हातारा शेरीफ घोड्यावर. विषयच तो आहे, की जुन्या माणसाचं या नव्या जगात काय होणार.

आणि प्रेक्षक कोण? न्यूयॉर्कचा नाही. दक्षिणेतल्या आणि मध्य-पश्चिमेतल्या छोट्या गावांचा. मंदीचा काळ, त्यातच दुष्काळ आणि धुळीची वादळं. त्यांना १८७० सालातला डाकू नको होता. त्यांची जमीन गिळणारी बँक, पाणी अडवणारी कंपनी, खोटी आश्वासनं देणारा पुढारी, हे त्यांच्या रोजच्या ओळखीचे खलनायक होते आणि ऑट्रीच्या सिनेमांत तेच असतात. १९३८ च्या 'अंडर वेस्टर्न स्टार्स'मध्ये रॉय रॉजर्स पाण्याच्या प्रश्नावर निवडून येतो आणि वॉशिंग्टनला जातो. तिथल्या बड्या मंडळींना तो धुळीने गाडलेल्या शेतांची फिल्म दाखवतो आणि सोबत गातो. 'डस्ट' नावाचं ते गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं. स्वस्तातल्या काउबॉयपटात हे यावं याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

आता पैसा. रिपब्लिक ही कंपनी जन्मलीच हिशेबातून. हर्बर्ट येट्स हा फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेचा मालक. छोट्या निर्मात्यांची बिलं त्याच्याकडे थकलेली. १९३५ मध्ये त्याने मोनोग्रॅम, मॅस्कॉट आणि आणखी काही अशा कंपन्या एकत्र करून रिपब्लिक उभी केली. त्याच वर्षी जोसेफ केनच्या दिग्दर्शनाखाली ऑट्रीचा 'टम्बलिंग टम्बलवीड्स' आला आणि साचा पक्का झाला. असे सिनेमे टक्केवारीवर नाही, ठरलेल्या भाड्याने थिएटरला जायचे, बहुधा दोन सिनेमांच्या एका तिकिटात. म्हणजे येणार किती हे आधीच ठाऊक. नफा वाढवायचा तर एकच मार्ग, खर्च कमी करा. चित्रीकरण आठवड्या-दोन आठवड्यांत उरकायचं.

इथे संकलकाच्या नजरेने बघा. तीन मिनिटांचा पाठलाग उभा करायला पन्नास-साठ शॉट लागतात, घोडे लागतात, पडणारे स्टंटवाले लागतात, दिवस जातो. तीन मिनिटांचं गाणं पाच-सहा शॉटमध्ये होतं. आवाज आधीच ध्वनिमुद्रित, जागेवर तबकडी वाजवायची, नायकाने ओठ हलवायचे, बाकीच्यांनी शेकोटीभोवती बसून माना डोलवायच्या. त्या शेकोटीत गिटारसोबत व्हायोलिन आणि अकॉर्डियन ऐकू येतं आणि वाजवणारा कुठेच दिसत नाही, ते यामुळे. एका तासाच्या सिनेमात पाच गाणी म्हणजे पंधरा मिनिटं स्वस्तात भरली, वर तीच गाणी तबकड्यांवर विकली गेली, रेडिओवर वाजली आणि सिनेमाची फुकट जाहिरात झाली. मारामारीत जी बचत करता येत नव्हती ती इथे करून तो पैसा पाठलागावर खर्च करायचा. शिवाय आधीच्या सिनेमांतले दौडीचे शॉट पुन्हा वापरायचे, ते वेगळंच. लॉस एंजलिसजवळच्या आयव्हर्सन रँचचे खडक तुम्ही चार सिनेमांत पाहिलेत की पाचव्यात शेजाऱ्यासारखे ओळखू येतात.

पण म्हणून पाठलाग वाईट असतात असं नाही. रिपब्लिकचे पाठलाग त्या काळात सर्वोत्तम होते. धावत्या घोड्यांसमोर मोटारीवर कॅमेरा ठेवून चित्रण, ते मागून येणाऱ्या धुळीसकट. कॅमेऱ्याचा वेग जरा कमी ठेवायचा म्हणजे पडद्यावर घोडे अधिक पळतात. याकिमा कॅनटसारखा स्टंटचा बादशहा याच आवारात तयार झाला. आणि पूर्ण प्रत पाहिलीत की एक लय लक्षात येते. दौड, मग गाणं. मारामारी, मग विनोद. प्रत्येक हलत्या तुकड्यानंतर एक थांबा. माझ्या त्या वर्गात दाखवलेल्या प्रतीत थांबे काढून टाकले होते. मग उरतं काय? नुसती पळापळ. तुम्हाला गोष्ट उड्या मारते असं वाटलं, ते दिग्दर्शकाचं पाप नाही.

विनोदाबद्दल तुमची तक्रार निम्मी मान्य. ऑट्रीचा जोडीदार स्मायली बर्नेट, पडद्यावरचं नाव फ्रॉग मिलहाऊस. टोपीचा काठ वर दुमडलेला, घोडा पांढरा आणि त्याच्या एका डोळ्याभोवती काळं वर्तुळ. बेडकासारखा घोगरा आवाज काढायचा. पण हा माणूस खरा संगीतकार होता, हाताला लागेल ते वाद्य वाजवायचा आणि गाणीही लिहायचा. त्याचा विनोद गाण्यात आहे, पडण्याझडण्यात नाही. म्हणजे टीव्हीच्या कात्रीने गाणी गेली तेव्हा विनोदाचा बराच जीवही गेला. रॉजर्ससोबतचा जॉर्ज 'गॅबी' हेज हा दातपडका, दाढीवाला, सतत कुरकुरणारा म्हातारा मला जास्त आवडतो. आपल्या वगातल्या म्हाताऱ्यासारखा, बायकांच्या नावाने बोटं मोडणारा आणि त्यांच्याच पुढे मान तुकवणारा.

जे मान्य करायलाच हवं ते असं, की यातल्या बऱ्याच विनोदाने कृष्णवर्णीय, मेक्सिकन आणि मूळ निवासी माणसांना खेळणं केलं आहे. 'टम्बलिंग टम्बलवीड्स'मध्ये यूजीन जॅक्सन या गुणी मुलाला 'एटबॉल' (बिलियर्डचा काळा चेंडू) नावाने वावरावं लागतं. पाहताना अंगावर येतं. गंमत अशी की गुरं राखायची पूर्ण विद्या, फासापासून खोगिरापर्यंत, मेक्सिकन वाकेरोंकडून, म्हणजे तिथल्या गुराख्यांकडून आलेली, आणि खऱ्या गुराख्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी. पडद्यावरचे काउबॉय मात्र सगळे गोरे. त्याला एक उत्तरही त्याच काळात मिळालं. हर्ब जेफ्रीज या गायकाला घेऊन १९३७ ते १९३९ या काळात 'हार्लेम ऑन द प्रेअरी', 'टू-गन मॅन फ्रॉम हार्लेम', 'द ब्राँझ बकरू' आणि 'हार्लेम राईड्स द रेंज' असे चार काउबॉयपट निघाले. सगळे कलाकार कृष्णवर्णीय, सिनेमे वेगळ्या थिएटरांसाठी, कारण थिएटरंच वेगळी होती. पैसा रिपब्लिकपेक्षाही कमी, ते दिसतं. पण जेफ्रीजचा आवाज ऐका. पुढे हाच ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदात 'फ्लेमिंगो' गायला. शुद्ध गळ्याच्या हिशेबाने या प्रकारातला तो सर्वात मोठा गायक, असं माझं मत आहे.

बायकांनाही एकदा संधी मिळाली. डोरोथी पेजला घेऊन ग्रँड नॅशनल कंपनीने १९३९ मध्ये गाणाऱ्या काउगर्लचे तीन सिनेमे काढले आणि तिथेच थांबले.

रॉय रॉजर्स कसा आला? ऑट्रीमुळेच. १९३७ च्या अखेरीस ऑट्रीचं येट्सशी पैशांवरून वाजलं आणि तो कामावर येईना. येट्सला बदली माणूस हवा होता. सिनसिनाटीत १९११ मध्ये जन्मलेला लेनर्ड स्लाय 'सन्स ऑफ द पायोनियर्स' या गायकांच्या चमूत होता. हे लोक तीन आवाजांत असं गायचे की आजही काटा येतो. बॉब नोलनची गाणी, स्लायचं योडलिंग. तो टोपी नीट करून घ्यायला दुकानात गेला असताना रिपब्लिक गायक शोधतेय हे कानावर पडलं, असं स्वतः रॉजर्स सांगायचा. 'अंडर वेस्टर्न स्टार्स' मुळात ऑट्रीसाठी होता, तो याला मिळाला आणि नावही बदललं. ऑट्री लवकरच परत आला, पण आता कंपनीकडे दोन होते. काउबॉय नटांच्या वार्षिक क्रमवारीत १९३७ ते १९४२ पहिला ऑट्री, १९४३ ते १९५४ पहिला रॉजर्स. १९४० मध्ये तर सगळ्या हॉलिवूडच्या यादीत ऑट्री चौथा होता. त्याच्या पुढे फक्त मिकी रूनी, स्पेन्सर ट्रेसी आणि क्लार्क गेबल.

मधला फरक युद्धाने पाडला. १९४२ मध्ये ऑट्रीने आपल्या रेडिओ कार्यक्रमातच, श्रोत्यांसमोर, सैन्यात जायची शपथ घेतली. हवाई वाहतूक दलात वैमानिक झाला आणि भारत-ब्रह्मदेश-चीन आघाडीवर हिमालयाच्या वरून विमानं नेली. इकडे येट्सने सगळी ताकद रॉजर्समागे लावली. ब्रॉडवेवर 'ओक्लाहोमा' हे संगीत नाटक गाजत होतं, ते पाहून येट्सने रॉजर्सच्या सिनेमांत नाचगाण्याचा थाट वाढवायला सांगितला. १९४४ च्या 'द काउबॉय अँड द सेन्योरिता'पासून डेल इव्हान्स नायिका झाली. पुढे १९४७ च्या शेवटच्या दिवशी दोघांचं लग्न झालं. या मधल्या काळातल्या सिनेमांत गोष्ट पन्नास मिनिटांत संपते आणि शेवटी दहा मिनिटं रंगमंचावरचा जलसा असतो. मला ते फार रुचत नाहीत. कॅमेरा रंगमंचापुढे जाऊन बसतो, आणि घोडा बाहेर उभा राहतो.

मग १९४६ मध्ये विल्यम विटनी हा दिग्दर्शक आला आणि त्याने हे भरजरी कपडे उतरवले. मारामारीत रक्त दिसू लागलं, खलनायक खरोखरचे क्रूर झाले, १९४७ च्या 'अपाची रोझ'पासून रंगही आला. त्याचाच 'बेल्स ऑफ सॅन अँजेलो' घ्या. तीच माणसं, पण वेगळीच धार.

आता तुमच्यासाठी यादी, तीही माझ्या आवडीची. सुरुवात 'द फँटम एम्पायर'च्या पहिल्या दोन भागांनी करा, बारा पाहायची सक्ती नाही. मग ऑट्रीचा 'द बिग शो', १९३६ चा. हा डॅलसमध्ये टेक्सासच्या शतकमहोत्सवी प्रदर्शनात जाऊन चित्रित केला आहे. ऑट्रीची दुहेरी भूमिका आहे, एक गर्विष्ठ सिनेनट आणि दुसरा त्याचा स्टंट करणारा. नटाला गाता येत नाही, बदलीला येतं, त्यातून गोंधळ. गाणाऱ्या काउबॉयच्या सिनेमाने स्वतःचीच केलेली ही टवाळी आहे. त्यानंतर 'अंडर वेस्टर्न स्टार्स', आणि मग 'मेलडी रँच', १९४० चा. यात रिपब्लिकने नेहमीपेक्षा सढळ हाताने खर्च केला. जिमी ड्युरांट, अॅन मिलर, गॅबी हेज असे कलाकार घेतले. ऑट्री हा रेडिओ गायक आपल्या टॉर्पिडो नावाच्या मूळ गावी उत्सवाला मानाचा शेरीफ म्हणून येतो, आणि लहानपणापासून वैर असलेले वाइल्डहॅक बंधू त्याला सगळ्यांदेखत तुडवतात. शहरात राहून आपण मऊ झालो, आपण काउबॉय आहोत की काउबॉयचं सोंग, हे त्याला तिथे कळतं. या प्रकारातला विनोद, गाणं आणि गोष्ट तिन्ही एकत्र नांदणारा सिनेमा एकच सांगा म्हटलं तर मी हा सांगेन. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत, म्हणजे जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत, 'मेलडी रँच' आणि 'अंडर वेस्टर्न स्टार्स' दोन्ही आहेत.

'मेलडी रँच'ची मूळ लांबी ८४ मिनिटं. ५३ ची प्रत हाती आली तर ३१ मिनिटं, २,७९० फूट, म्हणजे जवळपास तीन रिळं उडालेली. म्हणून लावण्याआधी लांबी तपासा. मूळ लांबी शोधा, समोरची प्रत ५३ किंवा ५४ मिनिटांची असेल तर सोडून द्या. लांबी लिहिलेली नसेल तर संगीत ऐका. वाद्यं सुरू होतात आणि गाणं न येताच दृश्य बदलतं, किंवा मंडळी टाळ्या वाजवताहेत आणि कशाला ते कळत नाही, तिथे कात्री लागली आहे. ऑट्रीच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. त्याने व्यवहार चोख ठेवला, आपल्या सिनेमांच्या प्रती आणि हक्क जपले, आणि त्याच्या संग्रहातून ते पूर्ण लांबीत नीट करून बाहेर आले आहेत. रॉजर्सच्या नशिबी ते नाही. त्याचे बरेच सिनेमे आज चांगल्या अवस्थेत मिळतात ते फक्त कापलेले. लांब प्रत मिळालीच तर ती धुरकट, ओरखड्यांची असते. ओरखडे चालवून घ्या.

राहिला घोडा. ट्रिगर हा सोनेरी रंगाचा पॅलोमिनो, मूळ नाव गोल्डन क्लाउड, भाड्याने मिळणाऱ्या घोड्यांपैकी. १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'मध्ये ऑलिव्हिया द हॅविलंड ज्यावर बसते तो हाच. रॉजर्सने आधी भाड्याने वापरला, मग विकत घेतला आणि शिकवला. 'सिनेमातला सर्वात हुशार घोडा' अशी त्याची जाहिरात व्हायची. पोरं शनिवारी दुपारी येत ती या घोड्यासाठी. नायिका दर दोन-चार सिनेमांनी बदलायची, डेल इव्हान्स येईपर्यंत तरी. घोडा तोच. मग वितरक कोणाचं नाव वर लावेल? मुंबईतही वाडिया मूव्हिटोनने हे बरोबर ओळखलं होतं. त्यांची स्टंटपटांची नायिका नादिया, तिच्या सिनेमांत 'पंजाब का बेटा' हा घोडा नटांच्या बरोबरीने मिरवायचा, आणि 'हंटरवाली' आला तो 'टम्बलिंग टम्बलवीड्स'च्याच वर्षी, १९३५ मध्ये. ट्रिगर १९६५ मध्ये मेला. रॉजर्सने त्याचं कातडं मढवून मागच्या पायांवर उभा केलेला पुतळा करवून घेतला आणि तो आपल्या संग्रहालयात ठेवला. संग्रहालय बंद पडल्यावर २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो २,६६,५०० डॉलरना गेला.